'लिबरेशन थिऑलॉजी': मुक्ती, तारण की आणखी काही?

गोदाकाठची
लॅटिन अमेरिकेवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. पेरूचे पाद्री गुस्ताव्हो गुटिएरेझ यांनी १९७१ साली 'लिबरेशन थिऑलॉजी' पुस्तकरूपात मांडली: गरिबाच्या बाजूनं उभं राहणं हा श्रद्धेचाच भाग, आणि माणसाला पिळणारी व्यवस्था हेही पापच. मी 'मुक्तीचं धर्मशास्त्र' लिहिलं. संपादकांनी 'मुक्ती' खोडून 'तारण' केलं. म्हणाले, मुक्ती म्हणजे मोक्ष, ख्रिस्ती माणूस तारण म्हणतो. पण इथं प्रश्न भाकरीचा आणि जमिनीचा आहे. तारण चालेल?

शरणपूर_रोड
संपादकांचं अर्धं बरोबर आहे, ताई. आमच्या घरात तारणच. आजीची एकही प्रार्थना त्या शब्दावाचून संपली नाही. पण मराठी बायबलात मुक्तीही आहे. मत्तयाच्या २०व्या अध्यायात येशू पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतो. आणि पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्तिसदन? दुष्काळातून आणलेल्या मुलींना तिथं अन्न, शिक्षण, हाताला काम मिळालं. ती मुक्ती मेल्यानंतरची नव्हती.

निफाडकर
तारण नकोच. आमच्याकडे तारण म्हणजे कर्जाला लावलेली वस्तू. सोनेतारण, शेतमाल तारण. वडिलांनी द्राक्षबाग तारण दिली त्या वर्षी घरात तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. गरिबाच्या सुटकेच्या विचाराला तोच शब्द कसा लावायचा?

जुना_मास्तर
दोन्ही तारण एकाच 'तॄ' धातूचे, तरून जाणे. तारू, तारक, 'देव तारी त्याला कोण मारी'. ज्याच्या आधारानं ऋण तरून जातं ते तारण, असं मी वर्गात सांगत आलो. तरी संदिग्धता नको असेल तर 'मोचन' घ्या. शुद्ध आहे, ऋणमोचन आपल्याकडे आहेच.

निफाडकर
सर, मोचन बोलतं कोण? मराठवाडा मुक्तिसंग्राम १९४८, गोवा मुक्ती १९६१. तिथं मोक्ष कुणाच्या मनात येतो? मुक्ती राजकारणात कधीच येऊन बसली आहे.

येवल्याची_लेक
माझी हरकत 'धर्मशास्त्र'ला आहे. त्यावर कुणीच बोललं नाही. १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह झाला तेव्हा दार धर्माच्या नावानंच बंद ठेवलं होतं. १९३५ साली बाबासाहेबांनी आमच्या येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. या जिल्ह्यात धर्मशास्त्र म्हटलं की मला दार उघडणारं काही आठवत नाही. 'ईश्वरविद्या' म्हणा.

जुना_मास्तर
ईश्वरविद्या चालेल. पण शब्दाला त्याच्या गैरवापराची शिक्षा देऊ नये.

येवल्याची_लेक
सर, शिक्षा शब्दानं भोगली नाही, माणसांनी भोगली.

शरणपूर_रोड
देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आम्ही सरळ थिऑलॉजी म्हणतो, तेच ठेवा. आणि ताई, तुमचा नि संपादकांचा वाद खुद्द चर्चमध्ये झालेला आहे. १९८४ साली व्हॅटिकननं, कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीनं, या विचारातल्या मार्क्सवादी उसनवारीवर आक्षेप घेतला. म्हणणं असं की मुक्ती ही सगळ्यात आधी पापाच्या गुलामीतून. म्हणजे संपादकांचं 'तारण'च. त्याआधी १९८० साली एल साल्वाडोरचे आर्चबिशप रोमेरो गरिबांसाठी बोलले म्हणून मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना गोळी घालून मारले गेले. २०१८ साली त्याच चर्चनं त्यांना संत केलं.

गोदाकाठची
म्हणजे 'तारण' लिहिलं तर मी एका बाजूला जाऊन बसते. हे संपादकांना सांगायला हवं.

जुना_मास्तर
शरणपूर_रोड, तुमच्या नावातल्या 'शरण'चं काय? गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मिशनऱ्यांनी नाशिकच्या शरणपुरात ठेवली, शिकवली. आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या मृतदेहासोबत १८७४ साली इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट तिथलाच. तो शरण म्हणजे आसरा की शरणागती?

शरणपूर_रोड
आसराच, सर. आजी 'शरणपुरात' न म्हणता 'शरणात राहतो' म्हणायची.

निफाडकर
आमच्याकडे शरण जाणं म्हणजे हार मानणंच. आसरा या अर्थानं कधी ऐकला नाही.

येवल्याची_लेक
'बुद्धं सरणं गच्छामि' ऐकलं नाहीत?