चाळीस दिवसांचा डबा : आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

(नाशिकला गंगापूर रोडला आमची सोसायटी. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना विचारूनच ही चर्चा इथे टाकतेय. नावं बदलली आहेत. गुड मॉर्निंगची फुलं, टँकरची वेळ आणि 'गेटसमोरची गाडी कोणाची' हे सगळं गाळलंय.)

रूथताई, ए-१०४ : नमस्कार. लिफ्टमध्ये दोघी-तिघींनी आमच्या डब्याबद्दल विचारलं म्हणून लिहिते. शरणपूर रोडच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात, तेव्हा पैसे टाकायला घरटी एक डबा दिला जातो, ईस्टरला तो 'सामाजिक न्याया'च्या कामासाठी परत जमा करायचा. मधले रविवार सोडले तर ४० दिवस होतात. डब्यासोबत एक कार्ड असतं, रोजचा एक प्रश्न. घरात नळ किती? प्रत्येकी १ रुपया. शाळेत जाणारी मुलं किती? प्रत्येकी ५. आज बाहेरून जेवण मागवलं? २० टाका. शिवाय उपवासात जे सोडलं असेल, कोणी चहा, कोणी मटण, त्याचे वाचलेले पैसे. आमच्याकडे सॅम्युअलने मोबाईलवरचा गेम सोडला. तो पैशात कसा मोजायचा यावर चार दिवस भांडण.

मंगलाकाकू, ए-३०४ : अगं ही तर आमच्या आईची मूठ! माझं माहेर साताऱ्याकडचं. भाकरीचं पीठ काढताना एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात. ते कर्मवीर अण्णांच्या, भाऊराव पाटलांच्या, बोर्डिंगला जायचं. मुष्टिफंड म्हणायचे. बोर्डिंगची मुलं स्वतः न्यायला यायची.

जोशी काका, सी-५०१ : मंगलाताई, ती मूठ पोरांच्या पोटात जायची, हिशोब डोळ्यांसमोर होता. रूथ, राग मानू नकोस, स्पष्ट विचारतो. 'सामाजिक न्याय' म्हणजे नक्की कशाला? आणि चर्चचा पैसा म्हटलं की लोक धर्मांतराचं बोलतात.

रूथताई, ए-१०४ : राग कसला काका, हा प्रश्न मला लग्नाच्या पंक्तीतसुद्धा विचारतात. रविवारचं अर्पण वेगळं, त्यातून चर्चचा खर्च चालतो. डब्यातला पैसा मंडळीच्या कामाला लावायचा नाही असा आमचा नियम आहे. सगळ्यांसमोर मोजायचा, आकडा फळ्यावर लिहायचा, एका नोंदणीकृत संस्थेच्या नावाने चेक. यंदा इगतपुरीकडच्या कातकरी वाड्यांवर काम करणाऱ्यांना दिला. २०२२ मध्ये एका मुलीच्या मृत्यूनंतर ते प्रकरण बाहेर आलं होतं, आठवत असेल. थोडे पैसे आणि एखादी मेंढी आईबापाला देऊन लहान मुलं मेंढपाळांकडे राबायला नेलेली.

जोशी काका, सी-५०१ : आठवतं. मग त्या मुलांना कपडे, वह्या द्या ना. मीही देतो.

साळवे सर, बी-१०१ : जोशीसाहेब, मी महसूल खात्यात नोकरी केली, म्हणून थोडं लांबण लावतो. कपडे देणारे पुष्कळ असतात. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, म्हणजे मजुराच्या डोक्यावरचं मालकाचं कर्जही त्याच क्षणी रद्द झालं. पण हे कागदावर यावं लागतं. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडे. चौकशी होते, जबाब होतात, मग मुक्ततेचा दाखला मिळतो. तो मिळाला की तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत. पुढे पुनर्वसनाची रक्कम पुरुषाला १ लाख, बाई आणि मुलांना २ लाख. गोम इथेच आहे. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे. साक्षीदाराने तारखेला यायचं, मजुरी बुडवून, वाडीवरून चालत, एसटी धरून. दोन तारखा चुकल्या की केस ढिली. म्हणून कोणीतरी जीपचं भाडं, बुडालेली मजुरी, झेरॉक्स, आधार, जातीचा दाखला हे सगळं बघावं लागतं. कातकरी आदिम जमातीत मोडतात, सवलती आहेत, पण दाखलाच नसेल तर त्यांचा काय उपयोग? या खर्चाला देणगीदार मिळत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

(सरांनी याआधी ग्रुपवर एवढं मोठं कधी लिहिल्याचं आठवत नाही.)

रूथताई, ए-१०४ : सर, अगदी हेच. गेल्या वर्षी आमच्या पैशांतला मोठा भाग जीपभाड्यात गेला. मंडळीतले काही ज्येष्ठ नाराज झाले, म्हणाले निदान ब्लँकेटं तरी वाटायची.

जोशी काका, सी-५०१ : हं. हे मला ठाऊक नव्हतं.

साळवे सर, बी-१०१ : आणि धर्मांतराचं म्हणाल तर, याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात अस्पृश्य ठरवलेली माणसं उभी राहिली. मागणी काय, तर देवाला आत जाऊन नमस्कार करू द्या. दादासाहेब गायकवाडांनी ते वर्षानुवर्षं नेटाने चालवलं. दार उघडलं नाही. मग १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांची धर्म सोडण्याची घोषणा झाली. कोण कुठल्या धर्मात का जातो, याचं उत्तर बरेचदा आपल्याच दारात असतं. एवढंच.

निखिल, सी-२०३ : सर 🙏. पण मी सीए आहे, नियमाचं बोलू द्या. आपण सोसायटीत डबे ठेवणार असू तर सोसायटीच्या नावाने अजिबात नको. लोकांकडून धर्मादाय वर्गणी गोळा करायची तर गणेश मंडळं काढतात तशी कलम ४१ क ची परवानगी धर्मादाय कार्यालयातून लागते. सोपा मार्ग म्हणजे डबा ज्याच्या त्याच्या घरात, आणि शेवटी ज्याने त्याने थेट संस्थेच्या खात्यावर ऑनलाइन भरायचं. पावती आपल्या नावाची. ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, हवी असेल तर रोख २,००० च्या वर चालत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जी विसरा.

मंगलाकाकू, ए-३०४ : आमच्या भजनी मंडळात परवा विषय काढते. चातुर्मासात आपण नाहीतरी काहीतरी सोडतोच. कांदा-लसूण सोडून वाचलेलं जातं कुठे? साबुदाण्यात! रूथ, ते कार्ड पाठव ना.

(रूथताईंनी कार्डाचा फोटो टाकला. नळाचा प्रश्न आल्यावर जोशी काकांनी लिहिलं, 'आमच्याकडे नळ सहा, पाणी एकाला.' त्यावर हसण्याचे बरेच इमोजी. मग कोणीतरी फोटो मोठा करून पाहिला.)

वैशाली, बी-३०२ : २३ वा प्रश्न वाचला का? 'घरकामाला येणाऱ्या ताईंना या महिन्यात भरपगारी सुट्टी किती दिली? एकही नसेल तर ५०.' आणि २४ वा, 'त्या तुमच्या इमारतीतली लिफ्ट वापरतात का?'

(यानंतर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. निळ्या टिका मात्र सगळ्यांच्या.)

सेक्रेटरी : कृपया लक्षात घ्या, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

वैशाली, बी-३०२ : लिफ्ट सोसायटीचीच आहे ना सर? प्रत्येक विंगच्या खाली 'कामवाल्यांनी जिना वापरावा' हा कागद कुठल्या ठरावाने लागला, ते मी मागच्या सभेतही विचारलं होतं. आमच्या ताई पाचव्या मजल्यावर दोन घरं करून मग माझ्याकडे येतात, गुडघे धरून.

सेक्रेटरी : तो कागद जुन्या कमिटीने लावला होता. वीजबिलाचा मुद्दा होता.

निखिल, सी-२०३ : वीजबिल मी बघतो दर महिन्याला. चार बायका जिन्याने गेल्या म्हणून त्यात काही फरक दिसत नाही.

मंगलाकाकू, ए-३०४ : मी खरं सांगू? मला तो कागद रोज दिसायचा आणि दिसत नव्हता.

जोशी काका, सी-५०१ : दोन घरांपैकी एक आमचं. ताई कधी काही बोलल्या नाहीत.

वैशाली, बी-३०२ : बोलून काम जातं काका.

रूथताई, ए-१०४ : आमच्या मंडळीतही याच प्रश्नावर सगळ्यात जास्त नाराजी. पाळकसाहेबांना एकाने विचारलं, कातकऱ्यांचं ठीक आहे, आमच्या स्वयंपाकघरात कशाला येता? साहेब म्हणाले, मग ५० टाका.

साळवे सर, बी-१०१ : घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या बाईची नोंदणी होते, पण काम देणाऱ्या घराकडून कामाचा दाखला लागतो. तो द्यायला लोक बिचकतात, उद्या काही मागणी येईल म्हणून. आपल्याकडे किती जणींची नोंदणी आहे, कोणाला माहिती?

(उत्तर आलं नाही.)

सेक्रेटरी : बरं. कागद मी आज काढतो. पण पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावं लागेल, कोणाची हरकत असेल तर लेखी द्या.

वैशाली, बी-३०२ : हरकत लेखीच येऊ दे. नावासकट.

मंगलाकाकू, ए-३०४ : डबे मी आणते, स्टीलचे नको, प्लास्टिकचेही नको, बोहरपट्टीत पत्र्याचे मिळतात. कार्ड मराठीत थोडं आपल्या पद्धतीने करू. रूथ, तू आणि वैशाली बसा माझ्याकडे बुधवारी भजनानंतर. २३ आणि २४ तसेच ठेवा.

जोशी काका, सी-५०१ : आमच्या ताईंच्या दाखल्याचा नमुना कोणाकडे असेल तर पाठवा. सही मी करतो. आणि साळवेसाहेब, ती संस्था तारखांना जीप कोणाची घेते? माझी गाडी आठवडाभर खालीच उभी असते, मी निवृत्त माणूस आहे.

साळवे सर, बी-१०१ : वाडीपर्यंत तुमची गाडी जायची नाही, पण घोटीपासून कोर्टापर्यंत जाईल. रात्री फोन करतो.