ताज्या फिशरला पहिलं मलम कुठलं? डिल्टियाझेम, निफेडिपिन, जीटीएन की काहीच नाही?

मुक्ता_नाशिक

घरात गेले काही दिवस याच विषयावर वाद चाललाय म्हणून इथे लिहितेय, आणि हा विषय लपवून ठेवायचा नाही असं माझं ठाम मत आहे कारण लपवल्यामुळेच माणसं महिनोन्महिने चुकीची ट्यूब लावत बसतात. भावाला फिशर म्हणजे गुदद्वाराला चीर पडलीय, डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अक्यूट म्हणजे ताजं, सहा आठवड्यांच्या आतलं. संडासला जाताना काच कापल्यासारखं दुखतं आणि नंतर तासन्‌तास ठणका. एक काका म्हणतात मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम आण, मावशी म्हणते जात्यादी तेल, मित्र म्हणतो काही लावू नकोस पाण्यात बस.

मी जे वाचलं त्यावरून माझं मत असं झालंय की ताज्या फिशरमध्येसुद्धा पहिल्या आठवड्यापासून निफेडिपिन किंवा डिल्टियाझेमचं, म्हणजे स्नायू सैल करणारं मलम लावावं. कारण दुखणं फक्त चिरेचं नसतं. आतला जो स्नायू असतो, इंटर्नल स्फिंक्टर, तो आपल्या ताब्यात नसतो, चीर पडली की तो आवळला जातो, आवळला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आणि मागच्या मध्यरेषेवर रक्तपुरवठा आधीच कमी असतो म्हणून बहुतेक फिशर तिथेच होतात आणि तिथेच भरत नाहीत. मग नुसती जागा बधिर करून काय होणार, स्नायू सैल करायला नको का? १९९९ साली इटलीत २८३ ताज्या फिशरच्या पेशंटवर अभ्यास झाला होता, ०.२ टक्के निफेडिपिन जेल लावणाऱ्यांपैकी ९५ टक्के २१ दिवसांत बरे झाले आणि लिग्नोकेन (जागा बधिर करणारं) अधिक हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) लावणाऱ्यांपैकी ५० टक्के. एवढा फरक असताना वाट कशाला बघायची?

साधं_पाणी

मुक्ताताई, तुमचा मुद्दा कळला पण तुम्ही दिलेल्या आकड्यातच माझं उत्तर आहे. ज्यांना स्नायू सैल करणारं औषध मिळालंच नाही त्यातलेही निम्मे तीन आठवड्यांत बरे झालेच ना? ताजं फिशर बऱ्याचदा आपोआप भरतं हो, फक्त पुन्हा खडा होऊ द्यायचा नाही.

अजून एक जुना अभ्यास सांगतो, डेन्मार्कमधला, १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. पहिल्यांदाच फिशर झालेले १०३ लोक, तीन गट. एकाला लिग्नोकेनचं मलम, एकाला हायड्रोकॉर्टिसोनचं, आणि तिसऱ्याला मलम नाहीच, नुसतं कोमट पाण्यात बसणं आणि गव्हाचा कोंडा खाणं. तीन आठवड्यांनी लिग्नोकेनवाले ६० टक्के बरे, हायड्रोकॉर्टिसोनवाले साधारण ८२ आणि पाणी कोंडावाले ८७ टक्के. म्हणजे नुसतं बधिर करणारं मलम सगळ्यात मागे पडलं आणि टब आणि कोंडा सगळ्यात पुढे. त्याच डॉक्टरांनी पुढच्या वर्षी दाखवलं की बरं झाल्यावरही रोज १५ ग्रॅम कोंडा चालू ठेवणाऱ्यांपैकी १६ टक्के लोकांना फिशर परत झालं आणि ज्यांना कोंड्याच्या जागी नुसती दिसायला तशी पूड दिली होती त्यांच्यापैकी ६८ टक्के लोकांना. हा फरक कुठल्या ट्यूबने मिळतो सांगा मला.

म्हणून माझं म्हणणं, पहिले दोन तीन आठवडे सत इसबगोल, भरपूर पाणी, दिवसातून दोन तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा पंधरा मिनिटं, कुंथायचं नाही, मोबाईल घेऊन बसायचं नाही. त्याने नाही झालं तर मग मलम.

मुक्ता_नाशिक

काका, इसबगोल आणि टबाला माझा विरोध कधीच नव्हता, ते चालूच आहे. पण दोन तीन आठवडे ज्याला ठणका लागलेला असतो त्याला "थांब, आपोआप भरेल" सांगणं सोपं नाही. आणि दुखतं म्हणून माणूस संडास दाबून ठेवतो, दाबून ठेवलं की खडा होतो, खडा झाला की चीर पुन्हा उघडते. ते चक्र पहिल्या आठवड्यातच तोडायचं असेल तर दुखणं आधी कमी व्हायला हवं. निफेडिपिनच्या बऱ्याच मलमांमध्ये लिग्नोकेन सोबत असतंच, म्हणजे दोन्ही कामं होतात.

लीड्सवरून_अमोल

इथे इंग्लंडमध्ये मला जीपीने म्हणजे फॅमिली डॉक्टरने आधी रेचक दिलं आणि नंतर जीटीएन म्हणजे ग्लिसरील ट्रायनायट्रेटचं ०.४ टक्के मलम दिलं, तेही स्नायू सैल करणारंच. इथे फिशरसाठी रीतसर परवाना आहे तो याच मलमाला, डिल्टियाझेम २ टक्के सर्जन लोक देतात पण ते परवान्याबाहेर. अमेरिकेतही २०११ साली मंजुरी मिळाली ती जीटीएनलाच. तेव्हा सगळे डिल्टियाझेमच्या मागे का लागलेत मला कळत नाही, ज्याची मात्रा ठरलेली आहे, किती लावायचं, किती दिवस लावायचं हे सगळं लिहून दिलेलं आहे ते औषध आधी का नाही? मला तरी ठणका पहिल्या काही दिवसांतच कमी झाला. डोकं दुखलं, खोटं कशाला बोलू, पण पॅरासिटामॉल घेऊन भागलं.

मेडिकलवाला_सातारा

अमोल भाऊ, तुमचं भागलं ते बरंच झालं पण काउंटरवर उभं राहून मी उलटंच बघतो. जीटीएन नेणारे बरेच जण चार पाच दिवसांत परत येतात, डोकं फुटतंय म्हणून, आणि मग मलम अर्धवट सोडतात. हे नुसतं माझं निरीक्षण नाही, २०१२ च्या कॉक्रेनच्या (अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यातही जीटीएन लावणाऱ्या साधारण ३० टक्के लोकांना डोकेदुखी झाल्याचं आहे. आणि बरं होण्याचं प्रमाण जीटीएनने जवळपास ४९ टक्के, नुसत्या बिनऔषधी मलमाने ३५ ते ३६ टक्के, बऱ्या झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पुढे परत त्रास. त्यातले बहुतेक पेशंट जुन्या फिशरचे होते हे खरं, ताज्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्याच आढाव्यात डिल्टियाझेम, निफेडिपिन परिणामाला जीटीएनच्या बरोबरीचे आणि त्रास कमी असं आलंय. मग त्रासाचं आधी का द्यायचं?

जीटीएन लावणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. बोटाला प्लास्टिकचं कव्हर किंवा ग्लोव्ह घालूनच लावा, नाहीतर बोटाच्या कातडीतूनही ते आत जातं. आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा त्या जातीची गोळी घेणाऱ्याने जीटीएन अजिबात लावायचं नाही, बीपी धोकादायक खाली जातं. ही गोष्ट लोक लाजेने सांगत नाहीत, तर मी स्वतःहून विचारतो, ते रागावले तरी चालेल.

आता मूळव्याधीच्या मलमाबद्दल, मुक्ताताईंच्या काकांनी सुचवलंय ते. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात, स्टेरॉइड, लिग्नोकेन आणि फेनिलेफ्रिन. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. मोड आले असतील तर त्याचा उपयोग समजू शकतो पण फिशरमध्ये रक्तपुरवठा वाढवायचाय, आवळायचा नाही. शिवाय फेनिलेफ्रिनने तो आतला स्नायूही घट्ट होतो, ज्यांना संडास धरून ठेवता येत नाही त्यांच्यासाठी १० टक्क्यांच्या जेलचे प्रयोग त्याचमुळे झालेत. ट्यूबमधलं प्रमाण त्यापेक्षा कितीतरी कमी असतं, पण दिशाच उलटी आहे ना.

साधं_पाणी

सातारकर, फेनिलेफ्रिनचं मान्य. पण स्टेरॉइडला सरसकट वाईट म्हणू नका. मी वर लिहिलेल्या अभ्यासात हायड्रोकॉर्टिसोनचा गट पाणी कोंड्याच्या जवळपास बरोबरीने बरा झालाय.

मेडिकलवाला_सातारा

काका, हायड्रोकॉर्टिसोन सौम्य असतं आणि अभ्यास तीन आठवड्यांचा होता. आपल्याकडे त्या ट्यूबमध्ये बेक्लोमेथासोन नाहीतर फ्लुओसिनोलोन असतं, ते त्याहून जोरदार, आणि लोक तीन आठवड्यांवर थांबत नाहीत, ट्यूब संपली की दुसरी नेतात, चिठ्ठी नसते, कुणी तपासलेलं नसतं. तिथली कातडी आधीच नाजूक, ती पातळ होते, बुरशी होते, खाज सुटते, मग खाजेसाठी अजून तेच मलम. तुमच्या अभ्यासावरून लोकांनी ही ट्यूब आणू नये एवढीच विनंती.

वैद्य_कोल्हापूर

जात्यादी तेलाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमच्याकडे याला परिकर्तिका म्हणतात. ताज्या चिरेला जात्यादी तेल किंवा घृताचा पिचू म्हणजे त्यात भिजवलेला कापूस ठेवणं, अवगाह स्वेद म्हणजे हाच तुमचा कोमट पाण्याचा टब, आणि पोट मऊ ठेवणं, यावर माझ्याकडचे बरेच पेशंट बरे होतात, डोकेदुखी नाही की बीपीचा प्रश्न नाही. स्नायू सैल करणारं मलम हेच एक उत्तर असं धरून चालू नका. स्निग्ध काहीतरी तिथे असलं की मळ सरकताना घासत नाही, हे छोटं काम नाही.

मुक्ता_नाशिक

वैद्यबुवा, राग मानू नका पण जात्यादी आणि निफेडिपिन समोरासमोर ठेवून मोठा अभ्यास मला कुठे दिसला नाही. आणि जात्यादीत तुत्थ म्हणजे मोरचूद असतं ना, ते उघड्या चिरेवर रोज लावावं का?

वैद्य_कोल्हापूर

असतं, शास्त्राप्रमाणे शुद्ध करून घेतलेलं आणि थोड्या प्रमाणात. म्हणून चांगल्या ठिकाणचं तेल घ्या आणि वैद्याला दाखवून घ्या, इंटरनेटवर बघून घरी बनवू नका. मोठे अभ्यास कमी आहेत हे मान्य करतो, आहेत ते लहान आहेत. पण तुमचे वरचे दोन्ही आकडे बघा, ताज्या फिशरमध्ये कुठल्याही गटात निम्मे तरी बरे झालेच आहेत, मग माझ्या पेशंटना जे सहन होतं ते मी आधी देतो.

बाळंतीण_ठाणे

मला बाळंतपणानंतर झालं होतं, पुढच्या बाजूला, बायकांमध्ये पुढेही होतं असं सांगितलं. तुमच्या वादात एक गोष्ट राहतेय. लोहाच्या गोळ्या! त्या चालू असताना माझा रोज खडा होत होता आणि मी नुसती मलमं बदलत होते. गायनॅकने गोळी बदलून दिली, सोबत लॅक्टुलोज (मळ मऊ करणारं औषध) दिलं आणि फरक पडला. बाळ अंगावर पीत असेल तर मलमसुद्धा विचारूनच लावा, घरात कुणाचंतरी उरलेलं आहे म्हणून लावू नका प्लीज. कोडीनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ होतं हेही तेव्हाच कळलं.

सर्जन_विदर्भ

प्रॅक्टिसमध्ये रोज बघतो म्हणून माझं मत लिहितो, पटेल असं नाही.

ताज्या फिशरमध्ये मुक्ताताई आणि साधं पाणी दोघांच्या मधे मी ताईंच्या बाजूला जास्त झुकतो. पहिल्या भेटीतच फायबर, टब आणि डिल्टियाझेम २ टक्के किंवा निफेडिपिन लिग्नोकेनचं मलम, दिवसातून दोनदा, असं एकत्र देतो. काका म्हणतात ते कागदावर बरोबर आहे, अनेक गाइडलाइनमध्येही ताज्याला आधी फायबर आणि टबच आहे आणि ही मलमं जुन्या फिशरसाठी लिहिलेली आहेत. पण माझा पेशंट लांबून एसटीने येतो, तीन आठवड्यांनी परत येईलच याची खात्री नसते आणि आला तर तेव्हा फिशर जुनं झालेलं असतं, बाहेर कातडीचा कोंब आलेला, तळाशी स्नायूचे पांढरे धागे दिसतायत. तिथून मलमाने भरून आणणं फार अवघड. दोन मलमांपैकी कुठलं? ताज्यात निफेडिपिन अधिक लिग्नोकेन, कारण लगेच आरामही मिळतो. लिग्नोकेनची ॲलर्जी असेल, लावल्यावर लाली, पाणी सुटणं असं काही दिसलं तर साधं डिल्टियाझेम, त्यानेही काहींना खाज येते. जीटीएन मी पहिलं देत नाही.

लोक लावायलाच चुकतात हेही सांगतो. वाटाण्याएवढं पुरे. ट्यूबचं लांब नोझल आत घालू नका, त्याने चीर पुन्हा फाटते. बोटावर घेऊन कडेला गोल आणि जरासं आत, एक सेंटिमीटरच्या आसपास, बस. आणि दुखणं थांबलं की मलम थांबवू नका, दुखणं आधी जातं, चीर नंतर भरते, सहा ते आठ आठवडे लावायचं असतं. लावून लगेच उभं राहताना चक्कर आल्यासारखं वाटलं, किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

चीर मध्यरेषेत नसून बाजूला असेल तर मलमांचा वाद बाजूला ठेवा. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा आजार), टीबी, एचआयव्ही, क्वचित कॅन्सर, हे सगळं आधी बघावं लागतं, आपल्याकडे टीबी तर विसरूच नका. ताप, पू, वजन कमी होणं, रक्त मळात मिसळलेलं असणं, वय पंचेचाळिशीच्या पुढे आणि रक्त नव्याने सुरू झालेलं, यातलं काहीही असेल तर फोनवर मलम विचारू नका, तपासून घ्या.

लीड्सवरून_अमोल

डॉक्टर, जीटीएन पहिलं देत नाही म्हणालात, पण कुणाला डिल्टियाझेमने खाज सुटली आणि निफेडिपिन मिळत नसेल तर? छोट्या गावात सगळं कुठे मिळतं.

सर्जन_विदर्भ

मग देतो की. ०.२ टक्क्यापासून सुरू करतो, आडवं पडून लावायला सांगतो, डोकेदुखी पहिल्या आठवड्यात जास्त असते हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे माणूस घाबरून सोडत नाही. माझा विरोध पहिल्या क्रमांकाला आहे, औषधाला नाही.

साधं_पाणी

डॉक्टरसाहेब, तुमची एसटीची अडचण मला समजते. पण नाशिकसारख्या शहरात राहणाऱ्या, पंधरा दिवसांनी परत दाखवू शकणाऱ्या तरुण मुलाला ती अडचण नाही. त्याने आधी तीन आठवडे पाणी आणि कोंडा करून बघावं, मी अजूनही तेच म्हणेन. मलम मिळालं की लोक इसबगोल सोडतात, हे मी माझ्याच घरात बघितलंय.

मुक्ता_नाशिक

काका, भावाचं इसबगोल सुटणार नाही हे मी बघते. डॉक्टरांनी निफेडिपिन लिग्नोकेन लिहून दिलंय, कालपासून सुरू केलंय, टब दोनदा, आणि ऑफिसात दिवसभर पाणी पिणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे असं तो म्हणतोय. तिसऱ्या आठवड्यात परत दाखवायचंय.