इव्हान करमाझोव्हला उत्तर मिळाले आहे का?

मूळ मत
दोस्तोयेव्हस्कीची ‘ब्रदर्स करमाझोव्ह’ (१८७९-८०) ही श्रद्धेने बुद्धीवर मिळवलेल्या विजयाची कादंबरी आहे, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. एका जनरलाने आठ वर्षांच्या मुलावर आईदेखत शिकारी कुत्रे सोडल्याची हकिगत सांगून करमाझोव्ह भावांपैकी बुद्धिवादी इव्हान विचारतो की, अखेरीस सर्वत्र मांगल्य नांदणार असले, तरी त्याची किंमत या मुलाने का मोजावी? यावर उतारा म्हणून दोस्तोयेव्हस्कीने पुढच्याच भागात झोसिमा या वृद्ध साधूचे चरित्र आणि उपदेश योजले खरे, पण ते पुरेसे ठरेल का, अशी धास्ती त्याने स्वतःच ऑगस्ट १८७९ मध्ये पोबेदोनोस्त्सेव्ह या आपल्या परिचयातल्या बड्या सरकारी अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवली होती. ती रास्तच होती.

प्रतिसाद १
उत्तर त्या उपदेशात शोधू नका. ते प्रश्नाच्या कितीतरी आधी, दुसऱ्या भागात येऊन गेले आहे. मे १८७८ मध्ये लेखकाचा अल्योशा हा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा दगावला, आणि त्यानंतर लेखक ऑप्टिना या मठात गेला. कादंबरीत त्याच नावाचा, जवळपास त्याच वयाचा मुलगा गमावलेली शेतकरी बाई झोसिमाकडे येते. तो आधी तिला ठरीव सांत्वन ऐकवतो, पण ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही हे कळताच सांगतो की, सांत्वन मानू नकोस, रड. दुःखाचा हिशेब न मांडता त्याच्याजवळ थांबणे, ही तिथली श्रद्धा आहे.

मूळ मतकर्ता
प्रसंग हृदयस्पर्शी आहे, हे मान्य; पण ते मूल कोणाच्या क्रौर्याला बळी पडलेले नाही. इव्हानचा प्रश्न शोकाचा नसून न्यायाचा आहे. म्हणून तर त्या जनरलाचे काय करावे, असे विचारताच इव्हानचा धाकटा भाऊ, श्रद्धाळू अल्योशा, याच्याही तोंडून ‘गोळी घाला’ असे निघून जाते.

प्रतिसाद २
करमाझोव्हांच्या घरचा नोकर स्मेर्द्याकोव्ह याला दोघेही विसरलात. ‘सर्व काही करण्याची मुभा आहे’ हा इव्हानचाच विचार उचलून तो इव्हानच्या वडिलांचा खून करतो आणि तसे इव्हानच्या तोंडावर सांगतो.

मूळ मतकर्ता
विचारामुळे खून झाला, एवढ्याने विचार खोटा ठरत नाही. शिवाय तो विचार आणि त्या मुलाविषयीचा प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचे फळ इव्हानला भोगायला लावून लेखकाने दुसऱ्याची वासलात लावली आहे.