कावळा शिवताना दिलेला शब्द

नदीकाठ: आजोबांच्या दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना, अर्धा तास सगळे ताटकळलो, शेवटी मोठे काका हात जोडून म्हणाले आबा काळजी करू नका, अक्काचा वाटा अक्काला देतो, आणि कावळा शिवला. सगळे रडलो. आता आठ महिन्यांनी तेच काका त्याच अक्काला, म्हणजे माझ्या आत्याला, हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून फोन करतायत. तेव्हा ते खोटं बोलले असं मला अजूनही वाटत नाही. मरण समोर असलं की माणसाची न्यायबुद्धी बदलते का खरंच?

खडूफळा: यावर प्रयोग झालाय. अमेरिकेत टूसॉनच्या २२ न्यायाधीशांना वेश्याव्यवसायाच्या आरोपाची एकच केस देऊन जामीन ठरवायला सांगितला, निम्म्यांना आधी स्वतःच्या मरणाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी लिहिलं नाही त्यांची सरासरी ५० डॉलर, ज्यांनी लिहिलं त्यांची ४५५! १९८९ मध्ये छापून आलं. पण पुढे विद्यार्थ्यांवर केलं तर हा धंदा आधीच वाईट मानणारेच कडक झाले. म्हणजे मनात जे असतं तेच घट्ट होतं.

उंबरठा: २२ म्हणजे फारच थोडे हो. नंतर २१ प्रयोगशाळांनी मिळून, मरण आठवलं की माणूस आपली मतं घट्ट धरतो या थिअरीचा दुसरा एक प्रयोग परत केला तर परिणाम सापडलाच नाही. आणि घाटावर नुसतं मरण नसतं, भाऊबंद, जावई, अख्खं गाव उभं असतं, कावळा अडला की कुणाचं देणं राहिलंय ते प्रत्येकाला न सांगता माहीत असतं. काकांना आबांपेक्षा त्या नजरांनी बोलायला लावलं असेल.

सातबारा: आत्याला सांगा सही अजिबात करू नका!! हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, २०२० ला सुप्रीम कोर्टानेही ते पक्कं केलंय. घाटावरचा शब्द तलाठी लिहून घेत नाही, पण हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की मागे फिरणं फार अवघड. वारस म्हणून नाव लागलंय का ते आधी बघा.

नदीकाठ: नाव लागलंय, काल बघितलं. उंबरठा, नजरांचं पटलं, वर्षश्राद्धाला तीच सगळी माणसं येणारेत, तेव्हा मी काकांना विचारणार. आत्या म्हणते राहू दे रे, माहेर तुटेल माझं. ते ऐकल्यापासून झोप नाही मला.