मॅड मेन: चार भाग झाले, पुढे बघू का?

सांजसावली
मॅड मेन ही अमेरिकन मालिका बघायला घेतलीये. २००७ ते २०१५ चालली, सलग चार वर्षं बेस्ट ड्रामाचा एमी मिळाला, सगळ्यांच्या यादीत वरच असते, म्हणून खूप अपेक्षेने बसले. पहिल्या सीझनचे चार भाग झाले आणि अजून नेमकं काय चाललंय तेच लक्षात येत नाहीये. १९६० चं न्यूयॉर्क, मॅडिसन अव्हेन्यूवरची जाहिरात एजन्सी, माणसं ऑफिसात येतात, दुपारपासून पितात, धूर काढतात, बायकांना काहीबाही बोलतात आणि घरी जातात. नायक डॉन ड्रेपरचं काहीतरी गुपित आहे हे कळलं पण त्याची मालिकेलाच घाई नाहीये.
वेग कमी असला तरी चालतो मला. जास्त टोचतंय ते दुसरंच. ऑफिसातल्या पोरींशी हे लोक जे वागतात ते बघवत नाही आणि ते सगळं इतकं देखणं करून दाखवलंय, सूट, ग्लास, फर्निचर, की मालिका यांच्याच बाजूने आहे की काय असं वाटायला लागतं. ज्यांनी पूर्ण बघितलीये त्यांनी प्लीज सांगा, हे पुढे बदलतं का? मोठे स्पॉयलर नकोत.

निळाई
बघच पुढे. आणि बाजू कोणाची ते तू बघितलेल्या भागांतच आहे बघ. दुसऱ्या भागात डॉनची छोटी मुलगी सॅली ड्रायक्लीनिंगची प्लास्टिकची पिशवी डोक्यात घालून येते आणि तिची आई, म्हणजे डॉनची बायको बेटी, तिला ओरडते ते कशावरून, तर त्या पिशवीतले कपडे खाली टाकले असशील तर बघ म्हणून. पोरगी गुदमरेल हे तिच्या डोक्यातसुद्धा येत नाही. मालिका तिथे थांबत नाही, संगीत वाजवत नाही, कोणी दचकत नाही. त्याच भागाचा शेवट आठव, बेटी मानसोपचार डॉक्टरकडे जाते, मन मोकळं करते आणि रात्री तोच डॉक्टर तिच्या नवऱ्याला फोनवर सगळं सांगतो. मला तो सीन बघून इतका राग आला होता की त्या रात्री पुढचा भाग लावलाच नाही. हा राग यावा म्हणूनच तो सीन तसा ठेवलाय ना! कोणी पात्र उठून म्हणत नाही की हे चूक आहे, कारण त्या काळात त्या खोलीतल्या कोणालाच ते चूक वाटत नव्हतं, म्हणून ते आपल्यालाच म्हणावं लागतं.
दुसऱ्या सीझनमध्ये एक पिकनिक आहे, ती येईपर्यंत तरी थांब. एवढंच सांगते.

दौतटाक
मी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिण्याच्या धंद्यात आहे त्यामुळे माझं प्रेम जरा जास्तच आहे या मालिकेवर. जाहिरातीवरच्या बहुतेक सिनेमा मालिकांमध्ये हिरो खिडकीबाहेर बघतो आणि त्याला ओळ सुचते. इथे तसं नाहीये, इथे ओळ सुचण्याच्या आधीची सगळी कटकट दाखवतात, क्लायंटला काय ऐकायचंय, अकाउंट्सवाल्यांनी, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्यांनी, आधीच काय कबूल करून ठेवलंय, सरकारने काय बंद केलंय. पहिल्या भागातली लकी स्ट्राइकची मीटिंग बघा परत. सिगारेट आरोग्याला चांगली असं म्हणायला बंदी आली, सगळ्याच कंपन्यांना आली, म्हणजे आता सगळे एका रेषेत उभे, मग आपण काहीही म्हणू शकतो, आणि तिथून ते ‘इट्स टोस्टेड’वर येतात. तंबाखू सगळेच भाजतात, पण ते आधी म्हणणारा आपण. ती ओळ खरी लकी स्ट्राइकचीच आहे, १९१७ पासूनची, मालिकेने ती डॉनच्या तोंडी घातली एवढंच. पण विचार करण्याची पद्धत एकदम खरी, आजही पिच, म्हणजे क्लायंटपुढे कल्पना मांडणं, असंच बसतं.
तिसऱ्या भागात फोक्सवॅगनची ‘लेमन’वाली जाहिरात हातोहात फिरते आणि सगळे तिच्यावर तुटून पडतात, आठवतंय का? ती डॉइल डेन बर्नबॅकची खरी जाहिरात, आणि तो सीन नुसता गंमतीचा नाहीये. त्या एजन्सीत बर्नबॅकने कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टरला एकत्र बसवायला सुरुवात केली होती. त्याआधी कॉपी लिहून व्हायची, मग ती चित्र काढणाऱ्याकडे जायची. डॉनच्या ऑफिसात अजून जुनंच चाललंय आणि बाहेर धंदा बदलतोय, स्टर्लिंग कूपरला, म्हणजे डॉनच्या एजन्सीला, ते दिसतंय पण पटत नाहीये. पुढची दहा वर्षं हेच चालतं, प्रत्येक वेळी बाहेर काहीतरी मोठं होतं आणि ही माणसं उशिरा पोचतात.
आणखी एक, पैशाचं गणित माहीत असलं तर बरेच सीन जास्त कळतात. तेव्हा एजन्सी क्लायंटसाठी मासिकातली जागा किंवा टीव्हीवरचा वेळ विकत घ्यायची आणि त्यावर साधारण १५ टक्के कमिशन ठेवायची, म्हणजे कमाई कल्पनेवर नाही तर क्लायंट मीडियावर किती खर्च करतो त्यावर. म्हणून लकी स्ट्राइकसारखा एक मोठा क्लायंट असला की अख्खं ऑफिस त्याच्या लहरीवर. तिसऱ्या सीझनमध्ये त्याच्यापायी एका चांगल्या माणसाची नोकरी जाते, कारण ऐकून माझं तर डोकंच फिरलं होतं. नाव सांगत नाही.

पारिजात
मला आवडते पण इथे एवढं कौतुक चाललंय तर दुसरी बाजू पण लिहिते. साठचं दशक म्हणजे अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ, आणि या मालिकेत ती बहुतेक वेळा टीव्हीच्या किंवा रेडिओच्या बातम्यांतून ऐकू येते. ड्रेपरांच्या घरी कार्ला काम करते, पोरांना खरं तर तीच सांभाळते, पण कॅमेरा कधी तिच्या घरी जात नाही. डॉनच्या मागे मात्र प्रत्येक बाईच्या घरी जातो. ऑफिसात पहिली कृष्णवर्णीय सेक्रेटरी डॉन पाचव्या सीझनमध्ये येते. (हो, तिचंही नाव डॉनच, पण स्पेलिंग वेगळं.) तेव्हाच्या एजन्सी तशाच गोऱ्या होत्या हे मान्य, पाचव्या सीझनच्या सुरुवातीला एजन्सीतली माणसं खिडकीतून खालच्या निदर्शकांवर पाण्याच्या पिशव्या टाकतात तो सीनसुद्धा १९६६ साली यंग अँड रुबिकम या एजन्सीत खरंच घडलेल्या प्रकारावर आहे. पण ऑफिस गोरं होतं म्हणून लेखकाची नजर पण तिथेच राहावी असं थोडंच आहे? बायकांच्या बाबतीत जी मेहनत घेतलीये ती इथे घेतली नाही, आणि ज्या मालिकेला इतकं बारीक दिसतं तिच्याकडून मला ते जास्त लागलं.
सहावा सीझनही मला जड गेला. डॉन तेच तेच करतो, प्रत्येक वेळी तसाच पकडला जातो. मधले काही भाग मी नेटाने संपवले.

दौतटाक
पारिजात, कार्लाबद्दल पूर्ण सहमत. तिला ज्या पद्धतीने घालवतात तिथे बेटीचा अन्याय दाखवलाय पण कार्लाचं पुढे काय हे विचारलंच नाही. सहाव्या सीझनबद्दल मात्र नाही पटलं. डॉन बदलत नाही हीच तर गोष्ट आहे, आणि त्या सीझनच्या शेवटच्या पिचमध्ये तो चॉकलेट कंपनीसमोर जे बोलतो ते आधीच्या सगळ्या रिपीटशिवाय इतकं लागलं नसतं.

सांजसावली
निळाई, ती पिशवी मला चांगलीच आठवतेय आणि मी तो सीन गंमत म्हणून केलाय असं धरून चालले होते. डॉक्टरच्या फोनचं तर वाचून परत अंगावर आलं. कमिशनचं माहीतच नव्हतं, त्यामुळे ऑफिसातल्या तरुण अकाउंट्सवाल्या पीटला डॉन काढायला निघतो आणि वरून थांबवतात ते मला नुसतं वशिल्याचं वाटलं होतं.

निळाई
ते वशिल्याचंच आहे गं, पीटच्या आईचं घराणं जुनं न्यूयॉर्कचं, त्या ओळखी एजन्सीला हव्यात. पण पैसा शेवटी ओळखीतूनच येतो ना तिथे.

गवतफुला
उशिरा आलो पण पेगीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्यासाठी ही डॉनची मालिका नाहीच. पहिल्या दिवशी सेक्रेटरी म्हणून घाबरत येणारी पोरगी आणि दहा वर्षांनी तीच, तिच्या चालण्यात पण फरक पडलेला दिसतो आणि तो एका भागात होत नाही. सहाव्या भागात लिपस्टिकच्या ब्रँडसाठी सगळ्या पोरींना काचेआड बसवून लिपस्टिक लावायला देतात आणि पुरुष बाहेरून बघत असतात. त्यात पेगी एकटी लावत बसत नाही, ती बघते, आणि टिश्यूंनी भरलेल्या कचऱ्याच्या टोपलीबद्दल सहज एक वाक्य बोलून जाते. तिचा सगळा प्रवास तिथून सुरू होतो. तिला संधी मिळते ती पण किती उपकार केल्यासारखी! खऱ्या आयुष्यात मेरी वेल्सने १९६६ मध्ये स्वतःची एजन्सी काढली, म्हणजे हे अशक्य नव्हतं, पण किती जणींच्या वाटेला आलं असेल.
तुमचा मूळ प्रश्न पुढे बघू का हा होता. सहावा भाग बघा, मग तेरावा, म्हणजे मधले सोडू नका पण तेराव्यापर्यंत निर्णय घेऊ नका. कोडॅकच्या स्लाइड प्रोजेक्टरचं पिच आहे त्यात, डॉन स्वतःच्या बायकोपोरांचे फोटो लावून बोलतो, आणि तोपर्यंत त्या घरात काय चाललंय हे आपल्याला माहीत असतं. तो भाग बघून काहीच झालं नाही तर खुशाल सोडा, मग ही मालिका तुमच्यासाठी नाही.