आधी पाणी वळवा
डोंगरातल्या पायवाटांवरचे स्वयंसेवक म्हणजे वाटेवरचा कचरा उचलणारे, असं बऱ्याचदा म्हटलं जातं, म्हणून थोडी भर. अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल ही लांब पल्ल्याची डोंगरी पायवाट जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर जाते. १९३७ साली ती सलग झाली आणि आजही तिची निगा मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवकच राखतात. प्रत्येक क्लबकडे वाटेचा ठरलेला भाग असतो. खरी झुंज पाण्याशी असते. उतारावर वाटेत तिरका दगड किंवा ओंडका पुरतात, म्हणजे पाणी कडेला वळतं. त्याच्यामागे पालापाचोळा, गाळ साचला की पाणी त्यावरून थेट वाटेवर येतं आणि वाटेचीच घळ होते. तो गाळ पुन्हा पुन्हा उपसावाच लागतो. वाट दाखवणारे झाडांवरचे पांढरे पट्टे सगळ्यांना दिसतात, हे काम दिसत नाही. नव्या माणसाच्या हाती आधी फावडंच द्यावं, असं मला मनापासून वाटतं.