मदत हवी आहे: उलटं टांगलेल्या टमाटरची फुलं गळताहेत

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळ. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, सगळी फरशी, आणि उरलेल्या हातभर जागेत कोंबड्या काही टिकू देत नाहीत. म्हणून जानेवारीच्या शेवटी रंगाच्या २० लिटरच्या तीन रिकाम्या बकेटी घेतल्या. बुडाला दोन इंचाचं भोक पाडलं, मुळं आत नि शेंडा खाली सोडून बुंध्याभोवती फोमचा तुकडा गुंडाळला आणि वरून शेतातली माती, शेणखत भरलं. टिनाच्या छपरीच्या अँगलला जाड तारेनं टांगल्या. ओली बकेट वीस किलोच्या वर जाते. टांगताना आमच्या घरचे काय बोलले ते इथे लिहीत नाही. वरच्या तोंडाशी सांभार (कोथिंबीर) पेरला, तो मात्र झकास आला.

वाटलं होतं रोपं खाली लोंबतील. आठ दिवसांत शेंडे वळून वर निघाले, एकाचं खोड त्या वळणावरच पिचकलं. ते जाऊ द्या. मार्चमध्ये सात-आठ फळं धरली, तर सगळ्यांच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग. आता पारा ४२ वर, आणि फुलं देठासकट गळताहेत. सकाळ-संध्याकाळ लोटाभर पाणी देते. रोग आहे का खत कमी पडतंय? कृषी केंद्रवाल्यानं झाड न पाहताच ३५० रुपयांची बाटली दिली, अजून उघडली नाही.

वावरवाला: ताई, बाटली राहू द्या. पाणी टाकलं की खालून किती वेळात गळते? अन् माती काळी हाय का?

धागाकर्ती: काळीच, आमच्याकडे दुसरी कुठली! पाणी लगेच गळतं. म्हटलं, निचरा चांगला आहे.

वावरवाला: तिथंच घात हाय. काळी माती सुकली की आकसते, उन्हाळ्यात वावराले भेगा पडतात तशी बकेटीपासून सुटते. तुमचं पाणी त्या फटीतून सरळ भोकात जाते, मधातला गोळा कोरडाच. काडी खुपसून पाहजा. काळा डाग रोग नाही. पाणी कधी हाय कधी नाही, मंग फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. फट दाबून बुजवा, वर दोन बोटं सोयाबीनचं कुटार (भुसा) टाका, सलाईनच्या नळीनं थेंब थेंब पाणी सोडा. अन् बकेटी टिनाखालून काढा, तापते ते. जिथं फक्त सकाळचं ऊन येते तिथं टांगा, भोवती ओलं पोतं.

फुलाचं म्हणाल तं ३५ अंशाच्या वर टमाटर नीट धरतच नाही, त्याले औषध नाही. पुढच्या खेपेले सप्टेंबरात लावा, मातीत अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा, अन् चेरी टमाटर घ्या. हलकं फळ, खोडाले ओढ कमी.

धागाकर्ती: भाऊ, काडी खुपसली. चार बोटांखाली नुसती भुकटी! दोन महिने मी फरशीलाच पाणी घालत होते. सील न तोडलेली बाटली परत घेतात का हो?